बाळाजीपंतांची उधारी

मरून साठ वर्षं उलटली तरी अच्युतचे पणजोबा बाळाजीपंत कर्ज काढतच होते. पैसे नव्हे, मेलेल्या माणसाला पैसे काय करायचेत? ते आपले शेजारच्या मेलेल्यांकडून कधी एखादा जिना उसना घेत, कधी एखादा आवाज, आणि फेडीची वेळ आली की वारसाकडे बोट दाखवत. वारस म्हणजे अच्युत. राहतं घर त्यालाच मिळालेलं, तेव्हा उधारीही त्याचीच.

आधी जिना गेला. माडीवरच्या गाद्या माडीवरच राहिल्या. मग एका सकाळी बेलीफ कापडी पिशवी घेऊन आला आणि अच्युतच्या बायकोचा, शैलाचा, आवाज जप्त करून घेऊन गेला. सगळं रीतसर. घर फिरलं की वासेही फिरतात. शेजारच्या दोघांनी पंच म्हणून खुशाल सह्या केल्या : ‘आवाज, बायकी, वापरातला, नग एक.’ वर चहा पिऊन गेले मेले. शैलाने चहा केला, पण साखर किती घालू हे तिला विचारता आलं नाही.

परवा पुढची नोटीस आली. आता चारूची नजर द्यायची होती. चारू त्यांची मुलगी, दुसरीत शिकणारी.

अच्युत धावतपळत कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला. बाळाजीपंतांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याचं बाड, तिथे लाल फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. गाठ सोडून तो वाचत सुटला : कोणाकडून काय घेतलं, त्यापायी कोणाचं काय गेलं. पान उलटलं की खोलीच्या भिंती वीतभर जवळ येत. शेवटच्या पानावरची शाई ओली होती.

“आज सकाळचीच नोंद आहे,” निमकरबाई म्हणाल्या. त्या तिथल्या कारकून. भिंत पाठीला टेकली तशी त्यांनी खुर्ची जराशी पुढे घेतली.

“बाई, हे थांबवायचं कसं?”

“थांबत नाही. वारस आहे तोवर त्यांना उधार मिळणारच. दुसरं कोणी वारस असेल, तर तिकडे वळवता येईल.”

“बहीण आहे. पण तिने हक्कसोड करून दिलंय.”

“ते रद्द करा. मात्र सही तिच्या राजीखुशीची लागेल.”

ते हक्कसोडपत्र अच्युतनेच करून घेतलं होतं, ऐन भाऊबीजेला. कुमुदने ओवाळलं, त्याने ताटात साडी ठेवली आणि साडीवर कागद. “तू म्हणतोस ना, मग वाचायचं काय त्यात,” म्हणत तिने सही केली होती. घर गेलं आणि बापडी उधारीतून सुटली. यातलं एकही तिला कळलं नाही. नवरा गेल्यावर ती भाड्याच्या खोलीत ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून पोट भरत होती.

अच्युत मनाने वाईट नव्हता, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हणणार नाही. घरी येऊन त्याने चारूच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि बहिणीला फोन लावला.

“कुमे, घरातला तुझा वाटा तुला परत करतोय. उद्या कोर्टात ये.”

पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके ऐकू आले.

कुमुद खव्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन आली. रेकॉर्ड रूम एव्हाना इतकी आवळली होती की बहीणभाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले, लहानपणी कपाटात लपायचे तसे. दार निमकरबाईंच्या खुर्चीमागे कुठेतरी राहून गेलं होतं. समोर बेलीफ उभा होता, पिशवी पोटाशी धरून.

“दादा, आता मी माहेरी आले की पाहुणी नाही ना रे?”

“नाही.”

“वहिनी नाही आल्या?”

“तिचा घसा बसलाय.”

अच्युतला तेव्हा बोलता आलं असतं. त्याची जीभ त्याच्याकडेच होती. कुमुदने सुईत दोरा ओवताना धरतात तसा कागद डोळ्यांशी धरला, सहीची जागा शोधली आणि न वाचता सही केली. निमकरबाईंनी नोटिशीतलं चारूचं नाव खोडून वर कुमुदचं लिहिलं.

बेलीफाने पिशवीचं तोंड सैल केलं.

“या वन्सं,” आतून शैलाचा आवाज म्हणाला. “चहा टाकू ना?”

“अगं बाई! घसा बरा झाला वाटतं,” कुमुद हसत म्हणाली आणि वाकून पिशवीत डोकावली.