तीन वर्षांच्या प्रती

सकाळी साडेदहा. सदाशिव पेठेतल्या एका रक्तदाता मंडळाच्या कार्यालयात फोन वाजला. चिटणीस बाळ लिमये यांनी तो उचलला.

“साहेब, मी आनंद बोलतो. वाघोलीला कंपनीत आहे, गाव यवतमाळकडचं. माझ्या बायकोचं, पूर्णिमाचं, बाळंतपण अडलंय. रक्त बॉम्बे गटाचं लागते म्हणतात. चार वाजेपर्यंत. कोणत्याच पेढीत नाही जी.”

“घाबरू नका. आपल्याकडे यादी आहे.”

यादी होती. बारा वर्षांची, चार हजार दात्यांची. त्यात या दुर्मिळ गटाची अकरा नावे.

पहिला फोन. “अहो, माझा गट ओ पॉझिटिव्ह.”

दुसरा. “बी. का हो?”

तिसऱ्या बाई म्हणाल्या, “चेष्टा करायला दुसरं कोणी मिळालं नाही का?”

अकराच्या अकरा चूक!

लिपिक सुहासिनी पडद्याकडे बघत राहिली. “काका, यादी अकारविल्हे कोणी लावली?”

“मी. गुरुवारी. अहवालात छापायला.”

“लावताना रक्तगटाचा रकाना निवडला होता ना?”

बाळकाका पडद्याजवळ वाकले.

नावे आणि फोन नंबर हलले होते. रक्तगट जागच्या जागी राहिले होते. आणि काकांनी ते नीट, काळजीपूर्वक, सेव्ह केले होते.

“बॅकअप आहे की! रोज सहाला तू पेनड्राइव्हवर घेतेस. मी वहीत सही करतो.”

सुहासिनीने बुधवारची प्रत उघडली. गोंधळ. मंगळवारची उघडली. तोच गोंधळ. मागच्या वर्षीची, दिवाळीच्या आदल्या दिवशीची.

आजचाच गोंधळ!

वाचकहो, थांबा. मागच्या वर्षीच्या प्रतीत गुरुवारची चूक कशी आली?

कुणालाच कळेना. सुहासिनीने मागच्या गल्लीत राहणाऱ्या कुसुमताईंना फोन केला. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत हेच काम त्या करत.

कुसुमताई आल्या. पेनड्राइव्ह स्वतःच्या जुन्या लॅपटॉपला लावला.

काहीच उघडले नाही.

“यात यादी नाही,” त्या म्हणाल्या. “पडद्यावरचं चित्र आहे नुसतं, शॉर्टकट. तू रोज ते चित्र उचलून ठेवलंस. या संगणकावर दाबलं की इथलीच मूळ यादी उघडते, म्हणून तुला वाटलं प्रत आहे.”

“म्हणजे तीन वर्षं...”

“एकही प्रत नाही.”

बाळकाकांनी सह्यांची वही पुढे केली. “पण हे बघा, रोजची सही...”

“लिमये, सही फार सुरेख आहे. रक्त म्हणून चढवता येईल का?”

“प्रत कशी तपासायची ते मला कुणी दाखवलंच नाही हो,” काका म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कधी? मी प्रत घेतली की घरी नेऊन दुसऱ्या संगणकावर उघडायची, दहा नावं मूळ अर्जांशी ताडून बघायची. तुम्ही मला काय म्हणायचात? संशयी बाई! या पोरीला आठ मिनिटांत काम शिकवलंत आणि वर सही ठोकलीत. चुकणं माणसाचं आहे. न बघता ‘बघितलं’ म्हणून लिहिणं, हे मात्र खोटं बोलणं आहे.”

बाराला वीस कमी.

निवृत्तीच्या दिवशी कुसुमताईंनी कपाटात एक डिस्क ठेवली होती. तिच्यावरची यादी उघडली. तीन वर्षे जुनी, पण खरी. बॉम्बे गटाची सहा नावे.

दोन नंबर बंद. एक दाता परदेशी. एकाचा मुलगा म्हणाला, “बाबा गेले, दीड वर्ष झालं.” पाचवा फोन वाजत राहिला.

सहावा विश्रांतवाडीच्या एका शिक्षिकेचा. “वर्गावर आहे,” त्या म्हणाल्या, आणि लगेच, “कुठे यायचं?”

पावणेचारला आनंदचा फोन आला. मागून बाळाचे रडणे ऐकू येत होते. “दोघी बऱ्या हायत,” एवढेच तो म्हणाला.

बाळकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती शिक्षिका रजेवर असती तर? तिने नंबर बदलला असता तर? गेल्या तीन वर्षांत आलेल्या नऊशे दात्यांचे गट आजही चुकीचेच होते, आणि त्यांचे कागदी अर्जही आता ठेवले जात नव्हते.

सुहासिनी रडत म्हणाली, “काका, मी उद्यापासून येत नाही.”

“येशील. चूक तुला दिसलीच नव्हती. माझं कामच ती बघायचं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन हातात घेतला. पहिलाच दाता नारायण पेठेतला.

“नमस्कार. आपला रक्तगट सांगता का?”

“मागच्या वर्षी सांगितला होता. तो बदलत नसतो.”

“बरोबर. आमच्या यादीत मात्र मी बदलून ठेवलाय. चूक माझी आहे, माफ करा.”

“एबी निगेटिव्ह. लिहून घ्या. आणि हो, परत वाचून दाखवा.”

काकांनी वाचून दाखवले. उरलेले आठशे नव्याण्णवही ते तसेच वाचून दाखवणार होते.

नागरिकहो, आपल्या कचेरीत, संस्थेत, घरातही अशा प्रती असतील. आज एक उघडा. दुसऱ्या यंत्रावर उघडा. जी प्रत परत आणून पाहिली नाही ती प्रत नव्हे, आणि न पाहता केलेली सही म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी केलेला बेफिकीर खेळ आहे!