शालीचा डाळिंबी ठिपका

थोरल्या पुतण्याने नवं घर बांधलं त्या वर्षीची गोष्ट. पुढच्या खोलीत माझ्या सासूबाईंचा फोटो लावायचं ठरलं. फोटो जुन्या घरात होताच. खुर्चीवर सासूबाई, शेजारी माझ्या थोरल्या जाऊबाई उभ्या, त्यांच्या खांद्यावर सासूबाईंनी दिलेली शाल. तेव्हा आमचा फोटोचा स्टुडिओ होता. काळापांढरा फोटो दिरांनी काढला आणि रंग मी भरले. काडीला कापूस गुंडाळायचा, तेलरंगात बुडवायचा आणि गालावरून फिरवताना श्वास रोखायचा. एका फोटोला चार दिवस जात.

पुतण्याच्या मुलीने तो काचेवरूनच मोबाइलमध्ये टिपला आणि माझ्याजवळ येऊन बसली. "छोटी आजी, गंमत बघ," म्हणाली. आधी तिने माझे रंग पुसले. एक बोट फिरवलं आणि माझे चार दिवस गेले. मग एआयला सांगितलं, नवे रंग भर. मी चष्मा पुसून लावेपर्यंत भरलेसुद्धा. सासूबाईंच्या कानामागची सावली मला कधी जमली नव्हती, ती त्याला जमली. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

एवढ्यावर थांबेल तर ती पोरगी कसली. तिने आणखी काहीतरी दाबलं. सासूबाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या, मान वळवली आणि जाऊबाईंकडे बघून गोड हसल्या. सव्वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, मला ते दात कधी दिसले नाहीत. यंत्रालाही थोरलीच सून आवडावी, आता काय बोलणार.

सगळं घर गोळा झालं, जाऊबाईही येऊन बसल्या. पुतण्या म्हणाला, हाच मोठा करून लावू, जुना माळ्यावर टाका, विटलाय. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. मी चूक शोधत होते आणि ती सापडली. यंत्राने शाल निळी केली होती.

"शाल निळी नव्हती," मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण सगळे माझ्याकडे वळले.

मग कुठली, आत्ता बदलते, असं मुलीने लगेच विचारलं. पुतण्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तपकिरी, दिसत नाही का, म्हणाला.

मी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. शाल तपकिरीही नव्हती.

शाल डाळिंबी होती. सासूबाईंकडे चांगली म्हणावी अशी ती एकच, आणि ती त्यांनी जाऊबाईंना दिली, कारण त्या शिकलेल्या, पावत्या लिहिणाऱ्या. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, ते साठीनंतर आलं. म्हणून आमची एक रीत होती. गिऱ्हाइकाने सांगितलेले रंग जाऊबाई पावतीवरून वाचून दाखवत आणि मी फोटोच्या पाठीवर त्या त्या रंगाचा ठिपका देई, डोक्यापासून पायापर्यंत ओळीने. तेच माझं लिहिणं. त्या फोटोचेही रंग त्यांनीच सांगितले होते. पाठीवर मी डाळिंबी ठिपका दिला आणि पुढच्या बाजूला मातकट तपकिरी भरला. मला न मिळालेली शाल मी फोटोत तरी कोणाला देणार नव्हते. पुढे शाल कसरीने खाल्ली. फोटो राहिला, आणि सगळे तपकिरीच म्हणू लागले. जाऊबाईसुद्धा.

काचेवर चमक येतेय, फ्रेम उघडून टिपते, असं मुलगी म्हणाली. जुना कागद आहे, फाटेल, असं मी दोनदा सांगितलं. तोवर तिने मागचे खिळे वाकवले होते. फोटो पालथा पडला. पाठीवर पाच ठिपके, मधला डाळिंबी, काल दिल्यासारखा. त्याला कधी ऊन लागलंच नव्हतं.

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. जाऊबाईंनी फोटो मांडीवर घेतला आणि त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाईक यायचं ते तुझा हात बघून. मी नुसत्या पावत्या फाडायची. तू माझ्यावर जळतेस, तेवढंच एक सुख होतं मला. ते कशाला घालवू?"

पुतण्या हसला, मुलगीही हसली. मला हसू येईना. गप्प राहण्यातही बाई माझ्या पुढेच निघाल्या होत्या.

मी मुलीला शाल डाळिंबी करायला सांगितली. यंत्राने ती लग्नाच्या मांडवासारखी भडक केली. मग मी तिचा मोबाइल ओढून घेतला आणि ठिपक्याशेजारी धरून रंग उतरवत बसले. पाऊण तास गेला. जाऊबाई बघत होत्या. अजून जरा खाली, एवढंच मधूनमधून म्हणत होत्या. शेवटी मी पेन मागितलं आणि फोटोच्या पाठीवर ठिपक्यापुढे लिहिलं, डाळिंबी.

नवा फोटो पुढच्या खोलीत लागला. जुना माळ्यावर गेला नाही, जाऊबाईंनी तो आपल्या उशाशी लावून घेतला, तपकिरी शालीसकट.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, सकाळी, माझ्या थोरल्या जाऊबाई वारल्या.