घडीचा स्टँड

सिस्टरला कशाचीच किळस येत नाही, अशी घरात तिची ख्याती होती. मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून दिवसभर उलट्या, जखमा आणि ओल्या चादरींत वावरायचं, आणि घरी येऊन हात धुऊन निवांत जेवायला बसायचं. नवरासुद्धा तिला सिस्टरच म्हणायचा. तिला किळस यायची ती एकाच माणसाची, आणि तो नेमका नणंदेचा नवरा होता.

भावजींचा गळा गोड होता, त्याबद्दल वाद नाही. दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलात ते गायचे आणि सिस्टर गिटार वाजवायची. पण गाणं संपलं की बाकीचे भावजी उरायचे. करंगळीचं वाढवलेलं नख कानात घालून फिरवायचं, बाहेर काढून निरखायचं, आणि त्याच हाताने तिच्या गिटारच्या तारा छेडून विचारायचं, "सुरात आहे ना?" घरी आल्यावर सिस्टर आधी तारा पुसायची, मग स्वतःचे हात धुवायची.

एकदा खुर्चीला टेकवून ठेवलेली गिटार वेटरचा धक्का लागून घसरली आणि तिच्या कडेचा टवका उडाला. तेव्हा तिने ठरवलं, घडी होणारा स्टँड घ्यायचा. वॉर्डातून परस्पर बसने हॉटेलात जायचं असायचं, म्हणून तो पिशवीत मावायला हवा होता. एवढीशी गोष्ट. पण ती तिने भावजींसमोर बोलून दाखवली.

"वहिनी, एकट्या जाऊ नका," ते म्हणाले. "दुकानदार तुम्हाला टोपी घालेल. खरेदीत माझा हात कोण धरणार?"

वाद्यांचं दुकान लहान पण स्वच्छ होतं. मालकीणबाई स्वतःच काउंटरवर होत्या. त्यांनी तीन स्टँड मांडले. पहिला उंच, मानेला आधार देणारा. गिटार त्याच्यावर राजासारखी बसली, पण घडी करूनही त्याचे पाय पिशवीबाहेर फूटभर राहिले. दुसरा लाकडी, दोन फळ्या एकमेकींच्या खाचेत अडकवायच्या. दिसायला देखणा, पण फळ्या सैल होत्या आणि जरा बोट लावलं की डुगडुगत होत्या. तिसरा बुटका, धातूचा, अडकित्त्यासारखा उघडणारा. सिस्टरने त्याच्यावर गिटार ठेवली, हलकेच ढकलली, मग जरा जोराने ढकलली. जागची हलली नाही. टेकायच्या जागी मऊ रबर होतं.

"रबर चांगलं आहे का ते बघू," म्हणत भावजींनी अंगठा जिभेवर फिरवला आणि थुंकीने ओला झालेला तो अंगठा रबरावर घासला. मग हुंगला. "पकड आहे."

मालकीणबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. सिस्टरने पर्समधला रुमाल काढून रबर पुसलं आणि म्हणाली, "हाच द्या."

"थांबा हो वहिनी," भावजी म्हणाले आणि काउंटरवर कोपर टेकून मालकीणबाईंच्या जवळ झुकले. त्यांचा आवाज एकदम बदलला. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात यायचा, तसा भिजलेला झाला. "बाई, ही आमची वहिनी. मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. आजारी मुलांना गिटार वाजवून दाखवते. गेल्याच आठवड्यात हिची एक छोटी पेशंट गेली. खिडकीजवळच्या कॉटवरची."

सिस्टरच्या हातातला रुमाल तसाच राहिला. ही गोष्ट तिने भावजींना सांगितली होती खरी. त्या शनिवारी तिची बोटं चालत नव्हती, म्हणून नाइलाजाने सांगितली होती. तेव्हा भावजी "अरेरे" म्हणाले होते आणि वेटरला सूप आणायला सांगितलं होतं.

"आणि जाताना काय म्हणाली पोर, माहितीये?" भावजींच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "म्हणाली, सिस्टर, गिटार खाली ठेवू नका हं, पडेल. म्हणून हा स्टँड. आता तुम्हीच बघा, काय कमी-जास्त करता येईल ते."

मालकीणबाईंनी पदराने डोळे टिपले. "कमी-जास्त कसलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून भेट समजा. घेऊन जा."

वॉर्डातल्या कुठल्याही घाणीची सिस्टरला अशी किळस आली नव्हती. तिने काउंटरची कड घट्ट धरली.

"बाई, ती मुलगी असं काही म्हणाली नाही," ती म्हणाली. "तिच्या घशात नळी होती. शेवटचे कितीतरी दिवस तिला बोलताच येत नव्हतं. आणि हा स्टँड मला हॉटेलात वाजवायला हवाय. त्याचे मला पैसे मिळतात."

भावजी हसले. "दुःखात आहे हो ती," ते मालकीणबाईंना म्हणाले. "मनावर परिणाम झालाय जरा."

सिस्टरने पूर्ण किंमत मोजली. मालकीणबाईंनी पैसे घेतले, पण तिच्याकडे बघितलं ते भावजींकडे बघितलं तसंच. त्या नजरेत दोघं एकाच माळेचे मणी होते. स्टँड पिशवीत घालताना सिस्टरला वाटलं, आपल्यालाही काहीतरी लागलंय, आणि ते पाण्याने निघायचं नाही.

रस्त्यावर भावजींनी खिशातून खारे शेंगदाणे काढले. "फुकट मिळत होता, वहिनी! चार शब्द इकडचे तिकडे केले तर मेलेल्या पोरीचं काय जातंय?"

"भावजी," सिस्टर म्हणाली, "यापुढे मी तुमच्याबरोबर वाजवणार नाही."

"अहो, एवढ्याशा गोष्टीवरून?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. दाताच्या फटीत अडकलेलं साल नखाने काढत ते तिच्याकडे बघत राहिले. सिस्टर समोर आलेल्या बसमध्ये चढली. बस कुठे जाते हेही तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. सिस्टरला वाटलं, आता ताई भांडणार. तिने झालं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"माझी आई गेली तेव्हा ह्यांनी ऑफिसात रजा मागितली," ताई म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच कारण सांगून मागितली. मला मित्रांसमोर हसत हसत सांगितलं. मीही हसले, वहिनी. तुझं बरंय, तुला ते शनिवारपुरतेच होते."

"शनिवारी हॉटेलात ये," सिस्टर म्हणाली.

शनिवारी ती एकटीच हॉटेलात गेली. स्टँड उघडून गिटार ठेवली, मग उचलून वाजवायला बसली. गाणारं कोणी नव्हतं, त्यामुळे लोक नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. काही जण ऐकतही होते. मधल्या सुट्टीत तिला भिंतीजवळच्या टेबलावर ताई दिसली. साध्या कपड्यांत, एकटी. ती ताईजवळ जाऊन बसते न बसते तोच मॅनेजर घाईघाईने आला.

"सिस्टर, तुम्ही वाजवायला कशाला आलात? तुमच्या भावजींचा फोन होता. तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे. वॉर्डातल्या त्या मुलीमुळे. त्यांचा गळा दाटून आला होता हो बोलताना."

सिस्टरने तोंड उघडलं, पण ताईने तिच्या हातावर हात ठेवला.

"हिला काही झालेलं नाही," ताई मॅनेजरला म्हणाली. "तो माझा नवरा आहे. खोटं बोलतो तो."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं. ताईने नवऱ्याला 'तो' म्हटलेलं सिस्टरने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.