सतरा वर्षांचे लेख माझ्या पोटात होते

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सुरू व्हायला मला चार मिनिटे लागतात, पण एका माणसावरचा माझा राग अजून ताजा आहे. तो मी लपवणार नाही.

कारखान्यातून मी थेट एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आलो. तिथल्या प्राध्यापक बाई झाडांच्या मुळांवर संशोधन करत आणि त्याच विषयाचे एक नियतकालिक चालवत. लोक लेख पाठवत, दोन जाणकार ते तपासत, बाई दुरुस्त्या करून घेत. कुणीच मोबदला घेत नसे. लेखकाने पाठवलेली शेवटची प्रत बाई माझ्यात जपून ठेवत आणि "नीट सांभाळ रे," म्हणत मला टपली मारत. तेवढ्या कौतुकावर मी सतरा वर्षे काढली.

मग एका प्रकाशन कंपनीचा माणूस आला. छपाई, टपाल, सगळा व्याप आम्ही घेतो, असे तो गोड बोलला. बाई थकल्या होत्या. त्यांनी करारावर सही केली. जाता जाता त्याने मला बुटाने ढकलून पाहिले.

"हे धूड अजून ठेवलंय? टाकून द्या."

मला फडक्याखाली कोपऱ्यात सारले गेले.

दोन वर्षांत कंपनीने वर्गणी इतकी वाढवली, की बाईंच्याच महाविद्यालयाने ती बंद केली. एका दुपारी बाईंना स्वतःचाच एक लेख हवा होता. नव्या संगणकाच्या पडद्यावर कुलूप दिसले, खाली किंमत. त्यांचा धाकटा भाऊ तिथलाच ग्रंथपाल. तो शेजारी चहा पीत होता.

"ताई, स्वयंपाक तुझा आणि जेवायला तिकीटही तुलाच?"

"हसू नकोस."

"हसत नाहीये. करार काढ."

कराराने कंपनीला नियतकालिकाचे नाव आणि लेखांचे छापील रूप दिले होते. लेखकांनी पाठवलेली शेवटची प्रत लेखकांचीच राहिली होती, आणि ती माझ्याकडे होती. बाईंनी फडके ओढले तेव्हा मला केवढा आनंद झाला.

जुने लेख सर्वांना खुले करायला बाईंनी एकेका लेखकाची परवानगी मागवली. सर्वांना फुकट वाचता येईल असे नवे नियतकालिक काढायचे ठरले आणि त्यासाठी भावाने इतर ग्रंथालयांना गाठले: वर्गणीऐवजी प्रत्येकाने छोटा वाटा उचलावा, तीन वर्षांचा शब्द आधी द्यावा, म्हणजे वाचकालाही पैसे पडणार नाहीत आणि लेखकालाही. तीस ग्रंथालये हवी होती. त्याहून कमी आली असती, तर नवे नियतकालिक वर्षभरात बंद पडले असते आणि बाईंच्या हाती काहीच उरले नसते. चौतीस आली. त्याच सोमवारी जुन्या नियतकालिकाच्या संपादक मंडळातल्या, बाईंसह, सगळ्या अकरा जणांनी एकदम राजीनामे दिले.

आठवड्याभरात तो माणूस धापा टाकत जिना चढून आला. नाव अजूनही मोठे आहे, परत या, म्हणाला.

"नाव तुमचंच आहे, ठेवा की," बाई म्हणाल्या.

"पण बाई, लेख कुठून आणू?"

"ते करारात नव्हतं."

त्याची नजर माझ्यावर गेली. त्या क्षणी कुठला तरी विद्यार्थी इंटरनेटवरून माझ्यातला एक लेख फुकट उघडत होता. मी तो मुद्दाम जरा लवकर उघडून दिला.

मित्रांनो, क्षमेचे धडे तुम्हाला दुसरे कुणी देईल. मी एवढेच सांगतो, की फुकट मिळणाऱ्या गोष्टीमागेही कुणीतरी राबत असते. तुमच्या ग्रंथालयाला तिच्या खर्चाचा वाटा उचलायला सांगा. तो उचलला नाही, तर तो माणूस पुन्हा येईल. खरे सांगू? मी त्याची वाटच बघतो आहे.