वडाचं जावळ

रतनबाई एकदा नाही म्हणाली की कासुर्डीत तिची समजूत काढायला कुणी धजत नसे. आज तर ती कोयता मांडीखाली दाबून वडाच्या बुंध्याशी बसली होती. रस्ता रुंद होणार म्हणून वड मुळासकट उचलून माळावर लावायचं ठरलं, त्याला तिची हरकत नव्हती. पण पाला छाटायचा म्हटल्यावर म्हातारी बिथरली.

"ह्याला आजवर पातं लागलं न्हाई. मी जित्ती हाय तवर लागायचं न्हाई."

भोवतीनं चर खणून झाला होता, मुळं तुटली होती. क्रेनवाला सारखा चुळबुळत होता. ऊन चढेल तशी पानं माना टाकत होती.

नात हर्षदा रडकुंडीला आली. सकाळी तिनं एका डहाळीला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ती सोडून तिनं आजीच्या ओंजळीत उपडी केली. पिशवीत जमलेलं पाणी ओंजळीच्या तळाशी साचलं.

"आजी, पानापानातनं आसं पाणी उडून चाललंय. खाली मुळंच तुटल्यात, वर चढंल कुठनं? पाला ठिवला तर वड वाळंल."

हा वड रतनबाईनं पहिल्या लेकाच्या नावानं लावला होता. जावळ काढायच्या आतच ते लेकरू गेलं, डोक्याला वस्तरा न लागता. म्हणून वडालाही पातं लागू द्यायचं नाही, हा तिचा हट्ट. हे ठाऊक होतं एकट्या भावाला, चांगदेवाला. भाच्याच्या जावळासाठी टोपडं घेऊन निघालेला तो, पोचला ते थेट मातीला.

मदतीला म्हणून वडगाव रासाईहून आलेला चांगदेव पुढं झाला आणि बहिणीशेजारी मांडी घालून बसला.

"आक्का, ल्योक म्हातारा व्हायला आला. जावळ कवा काढायचं?"

आता म्हातारी भावावरच उठते की काय, असं हर्षदाला वाटलं. रतनबाईनं ओल्या ओंजळीकडं पाहिलं. मग तिनं मांडीखालचा कोयता काढून नातीच्या हाती दिला.

"मामाच्या मांडीवर घिऊन काढत्यात."

चांगदेवानं खालची फांदी वाकवून मांडीवर धरली. हर्षदानं घाव घातला, तसा पांढरा चीक त्याच्या धोतरावर ठिबकला.

रतनबाई पदर पसरून पुढं सरकली.

"भुईला लागू दिऊ नगा," ती म्हणाली. "जावळ हाय."