पहिला आकडा

मी रक्तदाब मोजणारी एक जुनी, पाऱ्याची पेटी आहे. मित्रांनो, माझ्या वयाला मान द्या आणि जरा सरळ बसून ऐका.

कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत पारा भरला गेला आणि शेजारी बारीक रेषा उमटवल्या गेल्या. त्या दिवसापासून माझा धर्म एकच: पारा जिथे असेल तिथेच दाखवायचा. कोणाची भीड नाही की मुर्वत नाही.

मी एका डॉक्टरीणबाईंच्या हाती आले. काही स्त्रियांचा रक्तदाब गरोदरपणी एकाएकी चढतो, पाय सुजतात, मूत्रपिंडे थकतात. आई आणि बाळ दोघांचाही जीव टांगणीला लागतो. या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. ज्यांना दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेले असते, त्यांना त्याचा धोका अधिक. त्यांनाही सुखरूप आई होता यावे, म्हणून बाई अकरा वर्षे संशोधन करीत होत्या.

त्यांची शिस्त कडक. माझ्यापुढे बसणाऱ्या गरोदर स्त्रीने पाच मिनिटे गप्प बसायचे, पाय जमिनीला टेकवायचे. जो पहिला आकडा येईल तोच वहीत लिहिला जाई; त्याने एकशे चाळीस गाठले की धोका. एकदा नर्सने एकशे बेचाळीसचे एकशे चाळीस केले, तेव्हा बाई म्हणाल्या, "दोन कुठे सांडलेस? जा, उचलून आण."

त्या वहीतली शेवटची रुग्ण म्हणजे कपडे शिवणारी एक तरुण मुलगी. तिच्या आईनेच तिला आपले मूत्रपिंड दिले होते. आई दर खेपेला सोबत येई आणि म्हणे, "किडनी माझी आहे, लक्षात ठेव. पाणी वेळेवर पीत जा." मुलगी म्हणे, "दिलीस ना एकदा? मग आता हिशेब कसला मागतेस?" मग दोघीही हसत. बाईसुद्धा हसत. या मुलीवर त्यांचा फार जीव जडला होता. ती सुखरूप बाळंत झाली, की अकरा वर्षांचे काम पुरे होणार होते.

सातवा महिना सरत आला होता. त्या दिवशी मुलीच्या सँडलचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंतही पोचत नव्हता. ती पाच मिनिटे शांत बसली. पारा एकशे बावन्नवर थांबला.

बाईंचे पेन वहीवर टेकले, पण चालले नाही.

"जिना चढून आलीस ना? बस जरा. पुन्हा बघू."

पुन्हा एकशे शेहेचाळीस आला. तिसऱ्यांदा एकशे अडतीस. बाईंनी एकशे अडतीस लिहिले.

"मग घरी जाऊ ना?" मुलगी म्हणाली. "बाळाची दुपटी शिवायची राहिलीत."

"जा. सोमवारी ये."

रविवारीच तिला झटके आले. पोट उघडून बाळ बाहेर काढावे लागले. मूठभर असले तरी ते जगले. मुलगीही वाचली. मूत्रपिंड मात्र गेले. तिला दिवसाआड रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राशी बांधले गेले.

मुलीची आई बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, माझ्याकडे अजून एक आहे. ती घेता येईल का?"

"आई, तुम्ही त्या एकीवरच जगताय," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी बाईंनी वही उघडली आणि एकशे अडतीसच्या शेजारी लिहिले: 'आधी एकशे बावन्न आला होता. तो मी लिहिला नाही.' पुढे डॉक्टरांनी भरलेल्या सभेत त्यांनी ही ओळ उभे राहून वाचली. टाळी वाजली नाही. ती मुलगी दोन वर्षांनी गेली. तिचे बाळ आजीच्या बोटाला धरून चालू लागले होते.

पुढे पारा विषारी ठरला. टी-टी करणारी नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेले. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी माझे झाकण उघडले, एकशे बावन्नच्या रेषेवर बोट ठेवले, बराच वेळ तसेच ठेवले आणि झाकण लावले.

मित्रांनो, मला पुसा, सांभाळा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण आपल्या माणसाचा आकडा वाईट निघाला, तर तो चांगला येईपर्यंत मोजत बसू नका. माया असेल, तर पहिला आकडा लिहा.