जाळीपलीकडचे भाऊसाहेब

शिरूर कासारच्या पुढे, बाभळींच्या ओसाड माळावर मतमाउलीचे, म्हणजे मारियामातेचे, जुने चर्च उभे आहे. त्याचा आराखडा सातासमुद्रापलीकडून आला असेल. घडवणारे हात मात्र इथलेच होते. म्हणून वेदीवरच्या देवदूतांना मिशा आहेत आणि पिळाच्या सोनेरी खांबांवर द्राक्षांऐवजी सीताफळे लगडली आहेत. यात्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दुपारी मात्र दोन पांढऱ्या गाड्या आणि त्यांतून उतरलेली जीर्णोद्धार समिती, एवढीच काय ती गर्दी होती.

समितीचे अध्यक्ष विजयसिंह भाऊसाहेब गावच्या महादेवाचा कोरीव दगडी मंडप पाडून तिथे सिमेंटचा, या चर्चहून भारी मंडप उभारणार होते. त्यासाठीच ते नमुना पाहायला आले होते. सर्वांत मागे मृत्युंजय होता, पंचायत समितीतला कंत्राटी अभियंता. त्याच्या फाइलीत 'मंडप धोकादायक' असा दाखला होता. भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून त्याने तो लिहिला होता. सही तेवढी राहिली होती. सही झाली की सोमवारी जेसीबी येणार होता. मंडप तर शेकडो पावसाळे आणि तीन जीर्णोद्धार समित्या सोसून ठणठणीत उभा होता.

कोपऱ्यात लाकडी नक्षीची एक छोटी खोली होती. आत एकच खुर्ची. खुर्ची रिकामी दिसली की भाऊसाहेब बसत; इथेही बसले.

"साहेब, तिथं नका बसू!" झाडलोट करणाऱ्या सुभद्राबाई लगबगीने आल्या. "ती फादरची जागा हाय. लोक जाळीच्या त्या अंगाला गुडघं टेकतेत, केलेलं पाप सांगतेत. तोंड दिसत न्हाई, म्हणून लाज वाटत न्हाई."

"म्हंजी आपला जनता दरबारच की!" भाऊसाहेब अधिकच ऐसपैस झाले. "या अप्पा, टेका गुडघं."

किराणा दुकानदार शिवलिंगअप्पा समितीचे उपाध्यक्ष. ते धोतर सावरून बसले. "भाऊ, लई मोठं पाप झालं. तुमचा वाढदिवस आमी वर्षातून एकदाच केला."

"माफ केलं!" जाळीतून आवाज आला. समिती पोट धरून हसली.

"ए सायब, तुजं बी येऊ दे," भाऊसाहेबांनी मृत्युंजयला हाक मारली.

मृत्युंजय गुडघ्यांवर बसला. समोर चेहरा असला की त्याचे शब्द आयुष्यभर घशातूनच परत फिरत आले होते. इथे चेहरा नव्हता. बारीक चौकोनांत कापलेला अंधार होता आणि अत्तराचा वास.

"भाऊसाहेब, मंडपाला काही झालेलं नाही. पाया पक्का आहे. एकाही खांबाला तडा नाही. 'धोकादायक' हे मी खोटं लिहिलं. तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं."

जाळीपलीकडे भाऊसाहेब खदाखदा हसले. "लई भारी बे! अप्पा, शिका जरा ह्याच्याकडनं!"

सगळे हसले. मिशीवाले देवदूत तेवढे गंभीर राहिले. आपणही हसून उठावे, की झाले, हे मृत्युंजयला कळत होते. तो उठला नाही. त्याने दाखला मांडीवर धरला, 'धोकादायक' खोडून वर 'सुस्थितीत' लिहिले, खाली पूर्ण नावाने सही केली आणि कागदाची सुरळी करून जाळीतून आत सारली.

कागद उलगडल्याचा आवाज आला. भाऊसाहेब बाहेर आले तेव्हा हसत नव्हते.

"सही तुजी?"

"हो."

"मार्चात तुजं कंत्राट संपतंय, ठावं हाय न्हवं?"

"हो." चेहरा समोर होता, तरी शब्द आला, बारीक, पण आला.

भाऊसाहेबांनी कागदाची चौघडी करून खिशात घातली. "अप्पा, दुसरा सायब बघा. मंडप सोमवारी न्हाई पडला तर पुढच्या सोमवारी पडंल. आन् ह्या खोलीचं माप घ्या. असला दरबार आपल्यात पायजे. जाळी मात्र नको. बोलणाराचं तोंड दिसलं पायजे."

अप्पा वितीने मोजू लागले. दोनदा चुकले. मग सवयीने मागे वळले. "सायब, टेप हाय का?"

टेप मृत्युंजयच्या पिशवीतच होता. "नाही," म्हणून तो एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.